बॉक्स गेला म्हणण्याआधी

‘बॉक्स गेला.’ गॅरेजमध्ये हे दोन शब्द कानावर पडले की मोठ्या एसयूव्हीच्या मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. पळणारच. इंजिनाचं दुखणं निदान ऐकू येतं, धुरावरून दिसतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आत काय करतो हे मालकाने कधी पाहिलेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर ते दोन शब्द उच्चारणाऱ्यानेही पुष्कळदा पाहिलेलं नसतं. मग लाखांतला आकडा समोर येतो आणि निर्णय भीतीपोटी घेतला जातो.

वास्तविक ‘गेलेल्या’ बॉक्सपैकी बरेचसे गेलेले नसतात. कुणाचं तेल मरून पडलेलं असतं, कुणाची बॅटरी दम टाकत असते, कुणाच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात, कुणाचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, कोरडा ठणठणीत झालेला असतो. आणि जे खरोखरच गेलेले असतात तेही एका रात्रीत जात नाहीत. अनेक महिने ते काही ना काही सांगत असतात. ते ऐकायला कुणी बसत नाही, कारण नीट निदान करायला अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला ग्राहक कुरकुरतो. बॉक्स उतरवायचे पैसे मात्र निमूट देतो!

इथे विषय आहे तो फॉर्च्युनर, एन्डेव्हर अशा वर्गातल्या गाड्यांचा. लॅडर फ्रेम (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), डिझेल इंजिन, दोन टनांच्या पुढे वजन आणि टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक. ड्युअल क्लच, सीव्हीटी, एएमटी या ऑटोमॅटिकच्या इतर प्रकारांची दुखणी निराळी. तिथे यातलं निम्मंअधिक लागू पडत नाही. हा फरक आधीच स्पष्ट केलेला बरा, कारण ‘ऑटोमॅटिक नाजूक असतो’ हा समज या सगळ्यांना एकाच पोत्यात भरल्यामुळे झालेला आहे. टॉर्क कन्व्हर्टरचा बॉक्स नाजूक नसतो. २०२१ च्या २.८ लिटर फॉर्च्युनरचं उदाहरण घ्या. तेच इंजिन मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, देतं आणि ऑटोमॅटिकला ५००. जास्त ओझं कंपनीने ऑटोमॅटिकच्याच खांद्यावर दिलं आहे.

आतला कारभार थोडक्यात असा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात मॅन्युअलसारखा कोरडा क्लच नसतो, टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यातला इम्पेलर इंजिनाबरोबर फिरतो आणि तेल भिरकावतो, ते तेल समोरच्या टर्बाइनला फिरवतं, मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला योग्य दिशेने वळवतो. गाडी जागची हलताना यामुळे टॉर्क जवळजवळ दुप्पट होतो. हे फुकट होत नाही. इम्पेलर आणि टर्बाइन यांच्या वेगात जितका फरक, तितकी उष्णता. म्हणून वेग आला की कन्व्हर्टरच्या आतलाच एक लॉक-अप क्लच दोघांना एकत्र जखडतो आणि घसरण थांबते. त्यामागे ग्रहमालेचे गिअर, म्हणजे मध्ये सन, भोवती प्लॅनेट, बाहेर रिंग. हे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. कुठला भाग धरायचा आणि कुठला सोडायचा हे क्लचपॅक ठरवतात. क्लचपॅक म्हणजे एक फ्रिक्शन प्लेट, एक स्टील प्लेट अशी चळत. ती दाबायचं काम तेलाचा दाब करतो, दाब कुठे पाठवायचा हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते, आणि व्हॉल्व्ह बॉडीतल्या सोलेनॉइडना, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांना, हुकूम कॉम्प्युटर देतो.

या सगळ्यात तेलाला एकाच वेळी तीन कामं आहेत. दाब पोचवणं, थंडावा आणि वंगण देणं, आणि प्लेटा एकमेकींना किती पकडतील किती घसरतील ते ठरवणं. तिसरं काम सगळ्यात नाजूक. पकड कमी झाली तर प्लेट जळते, जास्त झाली तर झटका बसतो. म्हणून ‘कुठलंही एटीएफ (ऑटोमॅटिकचं तेल) चालतं’ हे वाक्य जिथे ऐकू येईल तिथून गाडी चालू असेतो बाहेर काढावी. टोयोटाच्या या बॉक्सना डब्ल्यूएस, फोर्डच्या सहा गिअरवाल्याला मरकॉन एलव्ही, दहा गिअरवाल्याला मरकॉन यूएलव्ही. शेवटची दोन नावं एका अक्षराने वेगळी आहेत म्हणून ती एकमेकांच्या जागी ओतायची नाहीत. यूएलव्ही कितीतरी पातळ असतं.

आता तेल मरतं कशाने? उष्णतेने. नेहमीच्या चालीत तेलाचं तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस राहतं. शनिवारी सकाळी बोरघाटात सात माणसं, टपावर बॅगा, एसी पूर्ण, पुढे ट्रकची रांग, गाडी ताशी दहाच्या वेगाने सरकतेय, थांबतेय, पुन्हा सरकतेय. अशा वेळी लॉक-अप लागायचा प्रश्नच नाही, सगळी चढण कन्व्हर्टरच्या घसरणीवर चाललेली असते आणि समोरून वाराही नसतो. या धंद्यातला जुना ठोकताळा असा की ८० अंशांच्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्म्यावर येतं. हा प्रयोगशाळेतला नियम नव्हे, पण दिशा बरोबर दाखवतो. १२० च्या आसपास तेलातले घटक झपाट्याने संपू लागतात. १५० च्या पुढे रबरी सील कडक होतात, प्लेटांवरचं अस्तर करपतं. आणि कडक झालेलं सील तेल बदलून मऊ होत नाही.

गंमत म्हणजे काही गाड्यांच्या पुस्तकांत याच तेलाला ‘आयुष्यभराचं’ म्हटलेलं असतं. कुणाच्या आयुष्याचं, हे लिहिलेलं नसतं. जर्मनीची झेडएफ ही कंपनी जगभरच्या मोठ्या गाड्यांना ऑटोमॅटिक बॉक्स पुरवते, आणि तीच स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी होईल तेव्हा, तेल बदला असं सांगते. घाट, शहरातली कोंडी आणि उन्हाळा यांचा हिशेब धरला तर आपल्याकडे ६० हजार हा आकडा शहाणपणाचा. ट्रेलर ओढणाऱ्यांनी, मोठे टायर घातलेल्यांनी किंवा इंजिन रीमॅप केलेल्यांनी (ताकद वाढवायला कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदललेल्यांनी) ४० हजारांतच हात घालावा. रीमॅप करणारा पिकअप वाढवून देतो. वाढलेला टॉर्क पेलणाऱ्या प्लेटा काही वाढवून देत नाही.

तेल बदलणं हे काम दिसायला इंजिन ऑइलसारखं आणि करायला अगदी वेगळं. समजा बॉक्समध्ये एकूण १० लिटर तेल आहे. खालचा ड्रेन बोल्ट उघडला की त्यातलं ४ लिटरच्या आसपास बाहेर येतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकून राहतं. ४ काढलं, ४ घातलं, तर बॉक्समध्ये ४० टक्के नवं तेल झालं. थोडी गाडी चालवून पुन्हा तेच केलं की ६४ टक्के, तिसऱ्यांदा ७८. म्हणजे ‘तेल बदललं’ असं बिलावर एकदा लिहून आलं असेल तर साठ टक्के जुनंच आहे हे समजून असावं. तीन फेऱ्यांचा हा मार्ग वेळ खातो, १२ लिटर तेल खातो, पण बॉक्सला कसलाही धक्का देत नाही. कूलरची नळी सोडून मशीनने पूर्ण तेल बदलता येतं, तेही चांगलं. मात्र उलट्या दिशेने दाब देणारं किंवा आत सॉल्व्हंट सोडणारं मशीन नको.

करताना पहिला नियम असा की ड्रेन बोल्टच्या आधी भरायचा बोल्ट सोडून बघायचा. तो गंजून बसलेला असेल आणि खालचं तेल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी लिफ्टवरच मुक्कामाला. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात धरायचं आणि जितकं निघालं तितकं आत घालायचं, वर पातळी तपासायची. चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवत असाल तर फिल्टर आणि पॅकिंग नवं, आतलं कीस धरणारं चुंबक पुसून पुन्हा जागेवर. चेंबरचे बोल्ट छोटे असतात, ते हाताच्या अंदाजाने आवळले की ॲल्युमिनियमचे आटे जातात. टॉर्क रेंच वापरायलाच हवा.

आणि मग पातळी. इथे निम्म्या गॅरेजांची दांडी उडते. या बॉक्सना बहुधा डिपस्टिक नसते. चेंबरमध्ये उभी नळी असते आणि तिच्यावरून ओसंडणारं तेल हेच माप. पण तेल तापलं की फुगतं, म्हणून ते माप ठरावीक तापमानालाच खरं. झेडएफच्या बॉक्सना हे तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान, इतरांचं आपापल्या सर्व्हिस पुस्तकात दिलेलं. गाडी चारी बाजूंनी सपाट, इंजिन चालू, पाय ब्रेकवर. पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) अशा प्रत्येक जागी चार-पाच सेकंद थांबून लिव्हर परत पी वर आणायचा, म्हणजे सगळे क्लच भरतात. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर, तापमानाकडे डोळा ठेवायचा. ठरलेला आकडा आला की पातळीचा बोल्ट उघडायचा. बारीक धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर तेल कमी. धबधबा आला तर जास्त, किंवा तापमान हुकलं. इंजिन बंद करून ही पातळी बघितली तर कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरलेलं असतं, भरपूर ओसंडतं, बघणाऱ्याला वाटतं काठोकाठ आहे. गाडी लीटर-दीड लीटर कमी तेलावर निघते. पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, फेसाला दाब नसतो, प्लेटा घसरतात. आणि जास्त तेलानेही फेसच होतो, कारण फिरते भाग त्यात बुडून तेल घुसळत राहतात. दोन्ही चुकांचं लक्षण एकच असल्याने पुढचा मेकॅनिक गोंधळतो.

‘जुन्या गाडीचं तेल बदलू नका, बदललं की बॉक्स जातो’ ही समजूतही इथेच निकालात काढू. तेल बदलल्यावर बॉक्स गेल्याची उदाहरणं खरी असतात, कारण मात्र उलटं असतं. लाख-दीड लाख किलोमीटर काही न करणारा मालक तेलाचा विचार करतो तो गाडी घसरू लागल्यावर. तोवर प्लेटांचं अस्तर झिजून तेलातच मिसळलेलं असतं. तेल बदला, न बदला, त्या बॉक्सचे दिवस भरलेलेच असतात. नीट चाललेल्या जुन्या बॉक्सचं तेल हळूहळू, फेऱ्याफेऱ्यांनी बदलायला हरकत नाही.

निघालेलं तेल फेकण्याआधी बघा. पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाका. लालसर-तपकिरी ठीक. काळपट आणि करपलेल्या वासाचं असेल तर प्लेटा जळल्यात. चुंबकावर बारीक, बोटावर गुळगुळीत लागणारा करडा चिखल असतोच, त्याने घाबरायचं नाही. बोटाला टोचणारा कीस, सुईसारखे तुकडे, पितळी चकाकी दिसली तर बेअरिंग, बुश किंवा गिअर तुटतोय. तिथे तेल बदलून पैसे वाया. आणि तेल दुधाळ गुलाबी निघालं तर गाडी आहे तिथेच थांबवायची. रेडिएटरच्या पोटातला तेलाचा कूलर फुटून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, बॉक्समध्ये शिरलंय. अमेरिकेत २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रॉन्टियर या गाड्या याच दुखण्यासाठी बदनाम झाल्या. कूलंटमधलं ग्लायकोल प्लेटांना अस्तर चिकटवणाऱ्या गोंदाला खातं. नुसता रेडिएटर बदलून, तेल धुऊन काढून गाडी चालू राहील, पण काही महिन्यांत अस्तर सुटायला लागतं. पाणी पावसाळ्यातही शिरतं. बॉक्सला श्वास घ्यायला एक ब्रीदर नळी असते. तापलेला बॉक्स ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि नळीचं तोंड पाण्याखाली असेल तर पाणी ओढून घेते. पाण्यात उतरायची हौस असलेल्यांनी ती नळी वर इंजिनच्या खोलीत नेऊन बांधलेली आहे ना ते पाहावं.

आता लक्षणांकडे. सगळ्यात जास्त फसवणारं लक्षण म्हणजे थरथर. ताशी ५० ते ८०, पाय हलका, इंजिन मिनिटाला १,३०० ते १,८०० फेऱ्यांवर, आणि अचानक दोन-तीन सेकंद सगळी गाडी रम्बलरवरून गेल्यासारखी थरथरते. चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं जातं, इंजेक्टर साफ होतात, इंजिनाची माउंटिंग बदलली जातात. थरथर तशीच. लॉक-अप क्लच पकडू-सोडू करत असतो तेव्हा नेमकं असं होतं. तपासायला सोपं आहे. थरथर चालू असताना रिकाम्या रस्त्यावर डाव्या पायाने ब्रेक इतकाच दाबा की ब्रेकलाइट लागेल. बहुतेक गाड्यांत त्याने लॉक-अप सुटतो. थरथर तत्क्षणी गेली तर चोर कन्व्हर्टरमध्ये आहे. चाकाची थरथर गाडीच्या वेगावर अवलंबून असते आणि एन मध्ये टाकलं तरी राहते; इंजेक्टरची उभ्या गाडीतही थोडीफार जाणवते. स्कॅनर असेल तर इंजिनाच्या आणि टर्बाइनच्या फेऱ्यांतला फरक पाहा. लॉक-अप लागल्यावर तो शून्याजवळ, किंवा काही बॉक्समध्ये मुद्दाम ठेवलेला २०-४० फेऱ्यांचा, पण स्थिर असायला हवा. थरथरताना हा आकडा वरखाली नाचतो. घसरण फारच वाढली तर पी०७४१ हा कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, येतो.

थरथर म्हणजे लगेच नवा कन्व्हर्टर असं मात्र नाही. जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या बॉक्सचं प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. कॅडिलॅक एस्कलेडसारख्या अवजड गाड्यांतही हाच बॉक्स होता. थरथरीच्या तक्रारींचा पाऊस पडला, कन्व्हर्टर बदलले गेले, आणि शेवटी कळलं की मूळ तेल हवेतली आर्द्रता शोषून घेत होतं आणि त्याने लॉक-अपची पकड बिघडत होती. तेलाचं सूत्र बदललं, बॉक्स नव्या तेलाने पूर्ण धुऊन काढायची पद्धत कंपनीने ठरवली, आणि पुष्कळ गाड्या तेवढ्याने बऱ्या झाल्या. क्रम यातून मिळतो. आधी पूर्ण तेल, मग कॉम्प्युटरचं जुनं शिकलेलं पुसून नव्याने शिकवणं, पाचशे-हजार किलोमीटर वाट पाहणं, मग कन्व्हर्टर. थरथर थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्याने आराम पडला तर निदान पक्कं झालं इतकंच समजायचं. औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

दुसरी मोठी तक्रार झटक्यांची. ‘थांबता थांबता मागून कुणीतरी ठोकल्यासारखा धक्का बसतो.’ लॅडर फ्रेमच्या गाड्यांत हा धक्का गिअरबॉक्सचा नसण्याचीच शक्यता बरीच असते. प्रोपेलर शाफ्टला लांबी कमीजास्त होण्यासाठी सरकता सांधा असतो. तिथलं ग्रीस वाळलं की गाडी थांबताना मागचा अ‍ॅक्सल फिरतो, शाफ्ट अडकतो आणि एकदम सुटतो. धक्का तिथून. ग्रीस निपल असेल तर ग्रीसगनचे मोजके पंप, नसेल तर शाफ्ट उतरवून, जुळणीच्या खुणा करून, साफ करून ग्रीस. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात, म्हणजे क्रॉसमध्ये, खेळ आहे का ते हाताने हलवून कळतं. गाडी गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यावर असतानाच गिअरबॉक्सचं माउंटिंग पहारीने उचकून बघा. फाटलेलं रबर लगेच दिसतं. शंभर-दोनशे रुपयांचं ग्रीस आणि तासाभराचं काम, याच्याऐवजी व्हॉल्व्ह बॉडीचं कोटेशन हातात पडलेले लोक कमी नाहीत.

खरा गिअरबॉक्सचा झटका ओळखायचा तो गिअर बदलण्याच्या क्षणावरून. पी मधून आर किंवा डी मध्ये टाकल्यावर गाडी पकडायला दोन सेकंदांहून जास्त घेते आणि मग धाडकन पकडते, तर तेल कमी आहे, फिल्टर तुंबलाय किंवा सील कडक झालीत. गिअर बदलताना फेऱ्या आधी वर उडतात आणि मग पुढचा गिअर लागतो, तर एक क्लच सुटून दुसरा धरेपर्यंत घसरण होतेय. फक्त एकाच बदलात, समजा दुसऱ्यातून तिसऱ्यात, हे होत असेल तर तो विशिष्ट क्लच किंवा त्याचा सोलेनॉइड. सगळ्याच बदलांत होत असेल तर मूळ दाबच कमी, म्हणजे तेल, पंप किंवा मुख्य दाबाचा सोलेनॉइड. थंड असताना ठीक आणि अर्ध्या तासाने बिघडतं, तर गळणारी सील. तापून पातळ झालेलं तेल तिथून निसटतं. थंड असताना बिघडलेलं आणि तापल्यावर ठीक, तर बहुतेक अडकणारा व्हॉल्व्ह.

कोड वाचताना घाई नको. पी०७०० म्हणजे ‘गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला विचारा’ एवढंच. तो एकटा काही सांगत नाही, आणि स्वस्त स्कॅनर तेवढाच दाखवतात. पी०७१५ आत जाणाऱ्या वेगाचा सेन्सर, पी०७२० बाहेर पडणाऱ्या, पी०७३० गिअरचं प्रमाण जुळत नाही, पी०२१८ तेल फार तापलं. यातला पी०७३० प्लेटा जळल्यानेही येतो आणि वेगाचा सेन्सर खोटं बोलल्यानेही. म्हणून कोडबरोबर त्या क्षणाची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम बघायची: तापमान किती, वेग किती, व्होल्टेज किती. व्होल्टेज आवर्जून. स्टार्टर मारताना बॅटरी फार खाली गेली, किंवा बॉक्सची अर्थिंग गंजली, की सोलेनॉइड अर्धवट उघडतात, कॉम्प्युटर घाबरून गाडी लिम्प मोडमध्ये टाकतो. गाडी एकाच गिअरला चिकटते, पिकअप मरतो, मीटरवर पान्याचं चिन्ह पेटतं. मालकाला वाटतं बॉक्स गेला. बॅटरी बदलून, कोड पुसून गाडी पूर्ववत! त्याचबरोबर बॉक्सच्या वायरिंगचा मुख्य कनेक्टर काढून बघा. आत तेल चढलेलं असेल तर त्याचं सील गेलंय. पावसाळ्यात गाडी उभी राहत असेल तर उंदीर. त्यांना वायरीचं आवरण फार प्रिय.

एका सेन्सरने किती गोंधळ होतो याचा नमुना फोर्डच्या सहा गिअरच्या ६आर८० या बॉक्समध्ये दिसला. हाच बॉक्स आपल्याकडच्या ३.२ लिटर एन्डेव्हरमध्येही होता. त्याचे वेगाचे सेन्सर आतल्या लीड फ्रेम नावाच्या एका पट्टीला जोडलेले असतात. अमेरिकेत २०११-१२ च्या एफ-१५० या पिकअप ट्रक आणि इतर काही गाड्यांत बाहेर पडणाऱ्या वेगाचा सिग्नल क्षणभर जायचा, कॉम्प्युटरला वाटायचं गाडी थांबली, आणि धावत्या गाडीत तो पहिला गिअर टाकायचा. २०१६ मध्ये फोर्डला त्या परत बोलवाव्या लागल्या. उपाय सॉफ्टवेअरचा होता. एकही गिअर झिजलेला नव्हता.

खरंच बॉक्स खोलावा लागतो असे प्रसंगही आहेत. रिव्हर्स लागतच नाही, चढावर डी मध्ये फेऱ्या वाढतात पण गाडी हलत नाही, चेंबरमध्ये धातूचे तुकडे. फोर्डच्याच दहा गिअरच्या १०आर८० मध्ये, अमेरिकन एफ-१५० सारख्या गाड्यांत, आतल्या सीडीएफ ड्रमचा बुश जागेवरून सरकून तेलाचा मार्ग बिघडवतो आणि झटके, घसरण सुरू होते. असलं दुखणं बाहेरून बरं होत नाही. बॉक्स उतरलाच तर दोन गोष्टींवर अडून बसायचं. कन्व्हर्टर नवा किंवा कापून दुरुस्त केलेला, आणि तेलाचा कूलर नवा. जुन्या कूलरच्या बारीक नळ्यांत अडकलेला कीस धुऊन पूर्ण निघत नाही. तो नव्या बॉक्समध्ये जातो आणि वॉरंटीवरून भांडण लागतं. व्हॉल्व्ह बॉडी बदलली तर तिच्यावरचा ओळखक्रमांक काही गाड्यांत कॉम्प्युटरला भरावा लागतो. तो न भरता गाडी दिली की नवी व्हॉल्व्ह बॉडी जुनीपेक्षा वाईट चालते.

चालवण्याच्या सवयींबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लांब चढावर, कोंडीत, मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा धरून ठेवा, बॉक्सला सारखं वरखाली करू देऊ नका. उतारावर तर धराच, ब्रेकही वाचतात. गाडी मागे सरकत असताना डी टाकू नका. उतारावर पार्क करताना पाय ब्रेकवर, एन, हँडब्रेक, पायाचा ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग पी. नाहीतर दोन टन वजन पी मध्ये बॉक्सला अडवणाऱ्या बोटाएवढ्या खिट्टीवर, म्हणजे पार्किंग पॉलवर, लटकतं. सिग्नलला एन-डी, एन-डी करत बसायची गरज नाही.

टोचनाचं मात्र ठासून सांगायला हवं. बंद पडलेली गाडी दोरीने ओढून न्यायची आपली जुनी रीत ऑटोमॅटिकला मारक आहे. बॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरताहेत, म्हणजे आतले बेअरिंग आणि बुश कोरडे फिरताहेत. पंधरा-वीस किलोमीटरमध्ये धडधाकट बॉक्सची वाट लागू शकते. फ्लॅटबेडच मागवा. धक्का मारून चालू करायचा तर प्रश्नच नाही, होतच नाही.

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे एन्डेव्हर आता फक्त जुन्या बाजारातच मिळते. जुन्या फॉर्च्युनरलाही मागणी भरपूर. घेताना गाडी पूर्ण थंड असताना बघायला जा. बॉनेटवर हात ठेवून पाहा, कोमट असेल तर आधीच तापवून ठेवलीय. आर, डी किती वेळात पकडतात ते मनात मोजा. मग हलक्या पायाने साठ-सत्तरच्या वेगात थरथर शोधा, एकदा पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून गिअर खाली पडतो का बघा, आणि अर्धा तास गर्दीत चालवून हे सगळं पुन्हा करा. त्यानंतर स्कॅनर. कोड एकही नाही म्हणून खूश व्हायचं कारण नाही. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ असा एक आकडा ओबीडीमध्ये, म्हणजे स्कॅनर जिथे लागतो त्या गाडीच्या स्वतपासणी यंत्रणेत, असतो, तो उघडा. तिथे हजारो किलोमीटर दिसले तर चांगलं. दहा-वीस दिसले तर बॅटरी काढली होती का ते विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर गाडी आणखी पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅनर लावल्याशिवाय टोकन देऊ नका.